नाव बदलले, पण माणसे सोबत आहेत का?

संघटनेचे नाव बदलले की जुना कार्यकर्ता चिडतो. आणि तो चिडला की आपले तरुण पदाधिकारी लगेच म्हणतात, "हे भावनिक लोक आहेत, यांना बदल पचत नाही." या वाक्यालाच आमचा विरोध आहे.

आधी आमची चूक सांगतो. पुण्यातल्या आमच्या वस्तीतील मंडळाचे नाव आम्ही बदलले. मुलींना आणि इतर समाजांतील मुलांना सोबत घ्यायचे होते, जुने नाव आड येत होते. कारण योग्यच होते. पण ठराव झाला आठ जणांत आणि वस्तीला तो कळला नव्या फलकावरून. वीस वर्षे धुणीभांडी करून जयंतीची वर्गणी देणाऱ्या एका मावशींनी जुन्या पावत्या आमच्यासमोर ठेवल्या आणि विचारले, "मग ही वर्गणी मी कुणाला दिली रे?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला. ते नाव प्रत्यक्ष लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या काळात आपल्या लोकांनी घरे गमावली, जीव गमावले. ज्या समाजाने नावासाठी एवढे सोसले, त्याला 'नावात काय आहे' असे सांगणे हा उद्धटपणा आहे.

मग नाव बदलूच नये काय? तसेही नाही. बाबासाहेबांनीच ती वाट घालून दिली. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा 'बहिष्कृत भारत', १९३० चा 'जनता', आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याच 'जनता'चा 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध : या चार नावांत समाजाची वाटचाल दिसते. पक्षाचेही तसेच. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचा संकल्प.

हा शेवटचा बदल नीट पाहा. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला होता. १९५७ ची निवडणूक फेडरेशनच्याच नावावर, संयुक्त महाराष्ट्र समितीसोबत लढवली गेली. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. नाव नवे होते, पण निळा झेंडा तोच आणि हत्तीही तोच. ज्याला 'रिपब्लिकन' हा शब्द उच्चारता येत नव्हता, त्यालाही आपला पक्ष ओळखता येत होता.

पुढे पक्ष फुटला, तो नाव बदलल्यामुळे नव्हे. नेतृत्वाच्या आणि धोरणाच्या वादात फुटला. नंतर तर नाव तेच राहिले आणि कंसातली आडनावे वाढत गेली. म्हणजे नाव टिकवले म्हणून संघटना टिकत नाही, हेही निष्ठावंतांनी ऐकले पाहिजे.

आमच्या मते जुन्या कार्यकर्त्याच्या रागात तीन गोष्टी असतात. पहिली, दुःख : आपले आयुष्य पुसले जाते आहे असे त्याला वाटते. त्याला युक्तिवाद नको, त्याच्या कामाची नोंद हवी. दुसरी, संशय : नवे नाव घेऊन जुना हिशेब बुडवणार का? हा संशय रास्त आहे. बँक खाते, पावतीपुस्तक, जुने ठराव सर्वांसमोर ठेवा. तिसरी, स्वार्थ : पद जाईल म्हणून ओरडणारेही असतात. पण ते थोडे असतात. त्यांचे नाव पुढे करून पहिल्या दोघांना गप्प बसवू नका.

म्हणून निर्णयाआधी वस्तीत, विहारात बैठक घ्या. कारण साध्या मराठीत सांगा. विरोधी मत इतिवृत्तात लिहा. झेंडा, चिन्ह, स्थापनेचे वर्ष यांपैकी जे ठेवता येईल ते ठेवा. आणि बहुमताने ठरल्यावर ज्येष्ठांनीही तो निर्णय मानावा. लोकशाही दोन्ही बाजूंना बांधते.

आम्ही नवे नाव मागे घेतले नाही. पण त्या मावशींच्या घरी गेलो, माफी मागितली आणि फलकावर जुने नाव व स्थापनेचे साल खाली लिहून घेतले. यंदाच्या जयंतीची पहिली पावती त्यांचीच फाडली.

जय भीम!