दैवाचा वाटा किती?

मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी जन्मभराचा लेख लिहून जाते, अशी महाराष्ट्रातील जुनी समजूत आहे. तिच्यासाठी पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची प्रथा अनेक घरांतून, पदवीधरांच्या घरांतूनही, अद्याप चालू आहे. ती चेष्टेचा विषय करण्याचे कारण नाही. ज्या काळी पाळण्यातले मूल वर्षभर जगेल याची खात्री नसे, त्या काळी आईच्या मनाला कोणता तरी आधार हवाच होता. परंतु कपाळीच्या लेखाची ही कल्पना पाळण्याशेजारून उठून सरकारी कचेरीत, बांधकामाच्या कंत्राटात आणि चौकशी समितीच्या भाषेत जाऊन बसते, तेव्हा तिची उलटतपासणी करणे भाग पडते.

अशा तपासणीसाठी किल्लारीइतके योग्य उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात सापडणे कठीण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती. गणपती बोळवून थकलेली माणसे गाढ झोपेत होती. आठ ते दहा हजार जीव गेले. ‘देवाने गणपतीबरोबरच माणसेही नेली’ असे उद्गार त्या दिवसांत निघाले असतील तर त्यात नवल नाही. एवढ्या दुःखापुढे दुसरे शब्द सुचतही नाहीत.

तथापि या घटनेशेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहावी. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को परिसराला ६.९ प्रतीचा भूकंप झाला. किल्लारीचा होता ६.२ प्रतीचा, म्हणजे कॅलिफोर्नियातील भूकंपाने दहापटीहून अधिक ऊर्जा मोकळी केली. तेथे मृत्यू झाले ६३. वेळेचा फरक होता हे मान्य केले पाहिजे. तो भूकंप सायंकाळी झाला, हा पहाटे. केंद्र कोठे होते, किती खोल होते, यानेही फरक पडतो. पण हे सारे फरक जमेस धरूनही त्र्याहत्तर नव्हे, सातशे नव्हे, हजारोंचे अंतर उरते, आणि ते भूगर्भात शोधून सापडत नाही. ते भिंतींत सापडते.

मराठवाड्यातील माळवदाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दगड आणि चिखल यांच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया व फळ्या, आणि त्यांवर फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून या थरावर आणखी माती टाकावयाची, असे वर्षानुवर्षे चाललेले. उन्हाळ्यात असे घर थंड राहते, आणि त्या प्रदेशाच्या उन्हाचा विचार करता बांधणाऱ्याने मूर्खपणा केला असे कोणी म्हणू नये. परंतु जमीन आडवी हलली की चिखलातले दगड सुटतात आणि टनावारी माती झोपलेल्यांवर येते. त्या रात्री एक विलक्षण उलटापालट घडली. ऐपतदारांचे चिरेबंदी वाटणारे वाडे कोसळले आणि गावाच्या कडेला कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहणारी अनेक गरीब माणसे वाचली. पूर्वजन्मीच्या पुण्याईने या जन्मी वाडा मिळतो असे मानणाऱ्याला हा हिशेब कसा जुळवावा हे कळणार नाही. छपराचे वजन विचारात घेणाऱ्याला तो लगेच जुळतो.

मग हा दोष घर बांधणाऱ्याचा काय? मुळीच नाही. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात मोडतो, असे त्या वेळचा सरकारी नकाशाच सांगत होता. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते आणि लोक भयभीत झाले होते. त्या धक्क्यांपासून मोठा भूकंप येणार असे भाकीत करणे शास्त्राला शक्य नव्हते, आजही नाही. मात्र घरे कशी आहेत हे पाहणे शक्य होते. २००२ साली देशाचा नकाशा सुधारण्यात आला, तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. सटवाईचा लेख कोणी खोडू शकत नाही म्हणतात. नकाशा मात्र नऊ वर्षांनी दुरुस्त होतो, आणि तो आधी दुरुस्त असता तर काय झाले असते हा प्रश्न मागे ठेवतो.

अवर्षण आणि दुष्काळ यांतील भेदही याच जातीचा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात पंधरा ते तीस लाख माणसे मेली. आभाळ फिरले, पीक बुडाले, माणसे मेली, अशी ही साधी साखळी नव्हती हे प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. १९४१ साली बंगालमध्ये दुष्काळ नव्हता. आणि १९४३ सालचा धान्याचा साठा १९४१ पेक्षा अधिक होता. युद्धकाळातील चलनवाढीने तांदळाचे भाव कडाडले, शेतमजुरांची मजुरी तेथेच राहिली, आणि धान्य असूनही ते विकत घेण्याची शक्ती गेलेले लोक उपाशी मेले. मेले ते शेतमजूर, कोळी, हातावर पोट असणारे. कलकत्त्याच्या कारखान्यांतील नोकरवर्गाला स्वस्त धान्याचे संरक्षण होते. दैव असे धंदा विचारून येत असेल, तर त्याला दैव म्हणण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडण्याच्या, तलाव खोदण्याच्या दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, माणसांची कुपोषणाने हानीही झाली; पण बंगालची पुनरावृत्ती झाली नाही. त्या अनुभवातून वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा पाठपुरावा केला त्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी पैसा उभा करण्यास १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. दरमहा पगारपत्रकात ही कपात पाहून कुरकुरणाऱ्या शिक्षकाला आणि कारकुनाला आपण कशाचे मोल देत आहोत हे सहसा कोणी सांगत नाही. परक्या गावातील खडीवरच्या बाईचे नशीब थोडे बदलण्याची ती किंमत होती. ती सगळी तिच्यापर्यंत पोहोचली असे मात्र कोणी समजू नये. खोट्या हजेरीपटांच्या कथा तेवढ्याच जुन्या आहेत.

धर्मग्रंथांचा हवाला देऊन सारे दैवावर टाकणाऱ्यांनी ते ग्रंथ तरी नीट पाहिले आहेत काय, अशी शंका येते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध व्यापार आणि दैव. दैवाचे स्थान नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. पहिल्या चारांची चौकशी न करता थेट पाचव्याचे नाव घेणे हा आळस होय. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले, ते उगाच नव्हे. डॉ. आंबेडकर यांच्याही पुढे गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताचा हेतूच तपासला. गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, याखेरीज त्यांना त्यात दुसरा हेतू दिसला नाही. हा आक्षेप कठोर आहे, पण त्याला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

म्हणून ‘नशीब’ हा शब्द कोणाच्या तोंडी आहे ते पाहणे महत्त्वाचे ठरते. मूल गमावलेली आई तो उच्चारते तेव्हा तिच्याशी वाद घालणारा माणूस निर्दय म्हटला पाहिजे. तोच शब्द अभियंता, मालक किंवा मंत्री उच्चारतो तेव्हा तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार असतो.

एवढे सांगूनही काही शिल्लक उरतेच. एकाच घरात, एकाच छपराखाली निजलेल्या दोन भावांपैकी एक वाचतो आणि दुसरा का नाही? विमा कंपनीचा गणिती लाखातून किती माणसे वर्षभरात मरतील हे बऱ्याच अचूकपणे सांगतो; कोण मरेल हे तो सांगत नाही आणि सांगण्याचा आवही आणत नाही. त्या ‘कोण’ला योगायोग म्हणा, प्रारब्ध म्हणा, शब्द बदलल्याने ज्ञान वाढत नाही. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र येथे गप्प बसतात, आणि तसेच बसावे. मात्र ‘किती’ हा आकडा कपाळावर लिहिलेला नसतो. तो ६३ असू शकतो किंवा दहा हजार.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड परिसर पुन्हा हादरला. धक्का ४.५ प्रतीचा, म्हणजे सौम्यच होता. लोक घराबाहेर धावले, काही भिंतींना तडे गेले. त्यानंतर प्रशासनाने लोकांना जे आवाहन केले त्यात एक साधी सूचना होती: वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर जे दगड ठेवले आहेत, ते काढून घ्यावेत.