जुनी साडी नको, हक्काची सुट्टी हवी!

सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. मुलांच्या डब्यांची घाई, गॅसवर दूध उतू जाण्याच्या बेतात, कालची भांडी मोरीत तशीच, आणि बाईंचा पत्ता नाही! अशा वेळी घराघरांतून काय बोललं जातं, ते वाचकभगिनींना वेगळं सांगायला नको. ‘महिन्यातला हा तिसरा खाडा!’, ‘या बायकांना आपणच डोक्यावर चढवून ठेवलंय’, ‘या वेळी पगारच कापते की नाही बघ!’ तिला ताप भरला असेल, तिचं पोर आजारी असेल, पाणी आलं नसेल, हे आपल्याला सुचतं ते भांडी घासून झाल्यावर. सुचलंच तर!

या खाड्याच्या मागे असलेल्या बाईचा विचार करण्यात जिने आयुष्याची कित्येक वर्षं घालवली, ती बाई ना मोलकरीण होती, ना गृहिणी. ती होती बेल्जियमहून आलेली एक धर्मभगिनी, सिस्टर जीन डेव्होस.

आपल्याकडे ‘सिस्टर’ म्हटलं की डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक कॉन्व्हेंट शाळेतल्या शिस्तीच्या बाईंचं आणि दुसरं दवाखान्यात रुग्णांच्या उशाशी बसलेल्या सेविकेचं. दोन्ही चित्रं खरी आहेत. आपल्यापैकी कित्येकींचं इंग्रजी या सिस्टरांनीच सुधारलं आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं त्या घेतात. स्वतःच्या नावावर घर नाही, बँकेत स्वतःची शिल्लक नाही. शाळेत नोकरी केली, तरी पगार संघाच्या सामाईक खात्यात जमा व्हायचा. वरिष्ठ सांगतील त्या गावी, सांगतील त्या कामाला जायचं.

मात्र १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि या जगात बरीच उलथापालथ झाली. आपला संघ मुळात कोणासाठी निघाला होता, हे पुन्हा तपासून पाहा, असं धर्मभगिनींना सांगण्यात आलं. अनेकींनी शाळेचं आवार सोडलं आणि त्या झोपडपट्टीत, आदिवासी पाड्यांत, शेतमजुरांच्या वस्तीत राहायला गेल्या. निव्वळ सेवा करून भागणार नाही, गरिबाला गरीब ठेवणारी घडीच बदलायला हवी, असं त्या म्हणू लागल्या. दान देणाऱ्या सिस्टरचं कौतुक सगळेच करतात. पण तीच सिस्टर मजुरीचा दर विचारू लागली की भुवया उंचावतात!

सिस्टर जीन यांचा जन्म १९३५ चा. १९६३ साली त्या भारतात आल्या, म्हणजे ऐन या बदलाच्या काळात. त्यांच्या संघाची कथाही मोठी गमतीची आहे. ‘इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी’ या नावाने ओळखला जाणारा हा संघ बेल्जियन बायकांचा खरा, पण त्याचा जन्म भारतातला. मदर मारी लुईझ द मीस्टर यांनी १८९७ साली आजच्या कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुळगुमूडु या गावी अनाथ मुलांसाठी काम सुरू केलं आणि त्यातून तो उभा राहिला. तेव्हा सिस्टर जीन भारतात आल्या, त्या एका अर्थाने आपल्या संघाच्या माहेरीच आल्या म्हणायच्या!

१९८५ साली त्यांनी घरकामगारांचे छोटे छोटे गट बांधायला सुरुवात केली. त्यातून ‘नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट’ ही चळवळ उभी राहिली आणि मुंबई तिचं मुख्य ठाणं झालं. पुढे अनेक राज्यांत तिचं काम पसरलं, आणि वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर त्यात उतरल्या. मुंबईत काम करायचं म्हणजे तऱ्हातऱ्हांच्या बायकांपर्यंत पोचायचं. चार घरची धुणीभांडी करणारी कोकणातली किंवा मराठवाड्यातली बाई असते, तशीच झारखंड-छत्तीसगडच्या पाड्यावरून दलालाने आणलेली, चोवीस तास मालकाच्या घरात राहणारी मुलगीही असते. पहिलीला निदान शेजारपाजार असतो. दुसरीला बाहेरचं कोणी भेटतही नाही. तिने दाद मागायची कोणाकडे?

अर्थात मोलकरणींना जागं करण्याचं सगळं श्रेय सिस्टरांना देणं बरोबर होणार नाही. आपल्या पुण्यातच १९८० साली मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढ आणि सुट्ट्या मागितल्या होत्या. ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली ती त्यातूनच. निरनिराळ्या विचारांच्या संघटनांनी राज्यात हे काम रेटलं, सिस्टरांची चळवळ त्यांतली एक. या चळवळीने एक गोष्ट मात्र फार आग्रहाने धरली, ती म्हणजे नाव. ‘नोकर’ म्हणू नका, ‘घरकामगार’ म्हणा. गिरणीतला, कारखान्यातला जसा कामगार, तशीच ही. कामगार म्हटलं की कामाचे तास आले, रजा आली, किमान वेतन आलं, म्हातारपणाची सोय आली.

नेमकं इथेच आपलं घोडं अडतं. आपले कामगार कायदे कारखाना आणि कचेरी डोळ्यांसमोर ठेवून झाले. घराचा उंबरठा ओलांडून आत यायला कायदा बिचकतो. १९५९ साली घरकामगारांच्या नोकरीच्या अटींविषयी एक विधेयक संसदेत आलं होतं. त्यानंतरही अशी विधेयकं आली आणि एकामागून एक बारगळली. गेल्या काही वर्षांत मात्र थोडं थोडं पदरात पडलं आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाईलाही जागा मिळाली. जागतिक पातळीवर १६ जून २०११ रोजी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं खरं, पण पुढे त्याला रीतसर मान्यता काही दिली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, की घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का, हे पाहायला समिती नेमा. म्हणजे १९५९ चा प्रश्न २०२५ मध्येही प्रश्नच!

टाळेबंदीत या बायकांची काय गत झाली, ते आपण पाहिलं. सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि अनेकींचा पगारही बंद झाला. २०२१ साली राज्य सरकारने नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. पण ज्यांची नोंदणीच नव्हती, त्यांचं काय? कागदावर नाव असणं म्हणजे काय, ते त्या वेळी कळलं.

‘पण आम्ही तिला अगदी घरच्यासारखं वागवतो हो!’ असं अनेक भगिनी मनापासून म्हणतात. दिवाळीला पोस्त देतो, जुन्या साड्या देतो, मुलीच्या लग्नाला उचलही दिली. हे सगळं चांगलंच आहे, माणुसकीचं आहे. पण घरच्या माणसाचा कोणी खाडा मांडतं का? घरच्या माणसाचा कप वेगळा असतो का? साडी आपल्या मर्जीने मिळते, उद्या मर्जी फिरली की बंद होते. ठरलेली सुट्टी आणि ठरलेला पगार मर्जीवर अवलंबून नसतो. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता राबणाऱ्या सिस्टर दुसरीच्या मोबदल्यासाठी भांडतात, त्या यासाठीच.

आपलीही ओढाताण असते, हे मान्य. महागाई आहे, घराचे हप्ते आहेत, नोकरी करणाऱ्या बाईची तर तारेवरची कसरतच. पण आपण ऑफिसला जाऊ शकतो, ते कोणीतरी आपल्या घरी केर काढतं म्हणूनच ना? स्वतःच्या रजेसाठी साहेबाशी हुज्जत घालणाऱ्या आपण, बाईच्या रजेचं नाव निघताच साहेब होतो!

कायदा होईल तेव्हा होवो. काही गोष्टी आपल्या हातात आहेत. महिन्याच्या भरपगारी सुट्ट्या आधीच ठरवा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. काम वाढलं की पगारही वाढवा, पाहुण्यांच्या दिवसांचे वेगळे पैसे द्या. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस म्हणून द्या. घरात वस्तू सापडेना झाली, तर आधी स्वतःची कपाटं पाहा, मग संशय घ्या. कामाला येणारी मुलगी फार लहान दिसत असेल, तर तिला ठेवू नका, तिची शाळा का सुटली ते विचारा. आणि बाई अठरा ते साठ वर्षांच्या दरम्यानची असेल, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तिची घरेलू कामगार म्हणून नोंदणी झाली आहे का, एवढं विचारा. नसेल, तर अर्ज भरायला मदत करा. तिला लिहिता येत नसेल, आपल्याला तर येतं!

येत्या पहिल्या तारखेला पगार हातात ठेवताना पाच मिनिटं तिला बसवून हे बोलून घ्या. बसवून म्हणजे खुर्चीवर, बरं का!