पुडीतलं अँटिऑक्सिडंट आणि गोठवलेलं बीज

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आता घराघरांत पोचलाय. चहाच्या खोक्यावर तो असतो, क्रीमच्या डबीवर असतो. आता स्त्रीबीजं गोठवणाऱ्या दवाखान्यांतही तो ऐकू येऊ लागलाय. आमच्या मंडळात येणाऱ्या मुली विचारतात, “काकू, या गोळ्या घेतल्या की बीजं सुरक्षित राहतात ना?” प्रश्न साधा वाटतो, पण त्यात त्यांची साठवलेली पुंजी आणि आई होण्याची आशा दोन्ही गुंतलेलं असतं.

मैत्रिणींनो, आधी गोठवताना काय होतं ते बघू. टोमॅटो फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढला की लिबलिबीत होतो. आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे कण पेशी फाडतात. स्त्रीबीज ही तर शरीरातली सर्वांत मोठी पेशी, पाण्याने भरलेली. गोठवलेल्या बीजापासून पहिला जन्म १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदला गेला, तरी पुढे बरीच वर्षं यश बेताचंच होतं. मग ‘व्हिट्रिफिकेशन’ आलं. यात बीज इतक्या झटपट थंड करतात की बर्फ व्हायला वेळच मिळत नाही. ते काचेसारखं घट्ट होतं आणि उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतं.

तरीही बीजाला थोडा त्रास होतोच. गोठवताना आणि वितळवताना ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात आणि बीजाला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतात. कापलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून आपण लिंबू चोळतो ना, साधारण तसंच शास्त्रज्ञ गोठवण्याच्या द्रावणात मेलॅटोनिन, ग्लुटाथायोन असे पदार्थ घालून पाहताहेत. उंदरांच्या बीजांवर निकाल चांगले आलेत. पण त्यामुळे माणसांत जास्त बाळं जन्मली, असा भक्कम पुरावा अजून नाही.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतल्या थेंबातलं, बरं का! पोटात घ्यायची गोळी ही वेगळीच गोष्ट. ती गोठवलेल्या बीजाचं रक्षण करते, असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

मग खरं महत्त्व कशाला? गोठवतानाच्या वयाला. पस्तिशीच्या आतलं बीज आणि चाळिशीतलं बीज यांत फार फरक असतो, तो कुठलीही पुडी भरून काढत नाही. दुसरं महत्त्व प्रयोगशाळेतल्या हातांना. म्हणून थेट विचारा: तुमच्याकडे वितळवल्यावर शंभरातली किती बीजं जगतात? माझ्या वयाच्या किती जणींना त्यातून बाळ झालं? २०२१ च्या कायद्याप्रमाणे तुमची नोंदणी आहे का? आणि ही गोळी कशासाठी, कोणत्या पुराव्यावर?

कॅन्सर झालेल्या मुलींना तर हे फारच लागू आहे. बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे केमोथेरपी सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडे विषय काढायला हवा. घरच्यांनी “आधी जीव वाचू दे” म्हणून तो टाळू नये. आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नयेत. औषधाच्या कामात त्यांचा अडथळा होऊ शकतो.

संशोधन पुढे जावं, जरूर जावं. तोवर पैसे मोजण्याआधी प्रश्न विचारायला लाजू नका.