विश्लेषण : लष्करी प्रशिक्षणात हाडे का पिचतात?

लष्करी प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडावे लागलेल्या छात्रांच्या व्यथेची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्यात पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) छात्रांचाही प्रश्न होता. त्या निमित्ताने भरपाई आणि उपचारांची चर्चा झाली. पण एका अपघाताने होणाऱ्या दुखापतींखेरीज आणखी एक प्रकार आहे. रोजच्या धावण्याने आणि कवायतीने हळूहळू होणाऱ्या या दुखापतींची बातमी होत नाही. त्यातल्या बऱ्याचशा टाळता मात्र येतात.

या दुखापती कोणत्या?

एकाच भागावर पुन्हा पुन्हा ताण आल्याने या दुखापती होतात. नडगीच्या आतल्या कडेला होणारी वेदना म्हणजे ‘शिन स्प्लिंट’. गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे आणि टाचेमागच्या स्नायूबंधाची सूज हेही नेहमीचेच प्रकार. सर्वात गंभीर म्हणजे ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’, अर्थात हाडाला गेलेली बारीक चीर. ती बहुधा नडगीत किंवा पावलाच्या लांब हाडांत जाते. मांडीच्या हाडाला खुब्याजवळ चीर गेली आणि दुखणे अंगावर काढले, तर हाड सरकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. हा आजार नवा नाही. प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन १८५५ मध्येच केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर त्यामागे मोडलेले हाड असल्याचे दिसले. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव आजही वापरात आहे.

धडधाकट तरुणाचे हाड का पिचते?

हाड ही जिवंत ऊती आहे. ताण वाढला की शरीर जुना, थकलेला भाग काढून टाकते आणि तिथे नवा भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र महिने लागतात. त्यामुळे नव्या जवानाचे हाड प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत मजबूत होण्याआधी तात्पुरते कमकुवत होते. नेमक्या याच काळात धावणे, कवायत, पाठीवर ओझे घेऊन चालणे आणि अपुरी झोप एकत्र येतात. फुफ्फुसे आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडे मागे राहतात. म्हणून दम टिकतो, पण नडगी टिकत नाही.

धोका कोणाला अधिक?

आधी फारसा व्यायाम नसलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, आहारात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांना. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळते. हाडांची जाडी व रचना, श्रमाच्या मानाने कमी पडणारा आहार आणि त्यातून बिघडणारी मासिक पाळी ही त्याची कारणे. उंच सहकाऱ्यांच्या लांब टांगांशी पाऊल जुळवताना ओटीपोटाच्या हाडांवरही ताण येतो. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडेही महत्त्वाचा आहे.

ताण कमी केला तर जवान कच्चा राहतो का?

अनुभव वेगळे सांगतो. अमेरिकी मरीन दलात प्रशिक्षणार्थींचे धावण्याचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटवल्यावर स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून अधिक कमी झाले, धावण्याच्या वेळेत फरक मात्र किरकोळ पडला. इस्रायली लष्कराने किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली. तेथेही असे फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले. अमेरिकी नौदलाच्या महिला प्रशिक्षणार्थींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटले. हे परिणाम वेळापत्रक, झोप आणि ताटातले अन्न बदलून मिळाले.

आपल्याकडे अडचण कुठे?

पहिली अडचण भरतीआधीची. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, लष्करी भरतीतही जवळपास तेवढेच. जाहिरात निघाली की अनेक तरुण दोन-तीन महिन्यांत तयारी उरकू पाहतात. झिजलेले बूट, डांबरी रस्ता आणि रोजची धाव यांमुळे काहींच्या नडग्या प्रशिक्षण केंद्रात पोहोचण्याआधीच दुखू लागतात. दुसरी अडचण दुखणे लपवण्याची. अग्निवीराच्या चार वर्षांच्या सेवेत प्रशिक्षणाचा काळही मोजला जातो आणि त्यानंतर कायम होण्याची संधी जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच. लंगडणे म्हणजे मागे पडणे, हे समीकरण डोक्यात बसले की जवान डॉक्टरकडे जात नाही. गेला, तरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत चीर दिसेलच असे नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. ‘एक्स-रे ठीक आहे, पळ’ या वाक्याने बारीक चिरेचे मोठे फ्रॅक्चर होऊ शकते.

काय करायला हवे?

तयारी करणाऱ्यांनी अंतर हळूहळू वाढवावे, आठवड्यातून किमान एक-दोन दिवस धावू नये आणि हाडावर बोट ठेवताच एकाच जागी कळ येत असेल तर थांबावे. ती कळ विश्रांतीतही राहिली, तर डॉक्टरांना दाखवणे अपरिहार्य. प्रशिक्षण केंद्रांनी पहिल्या महिन्यातला भार टप्प्याटप्प्याने वाढवावा, झोपेची वेळ शिक्षेसाठी कापू नये आणि दुखापतींची नोंद तुकडीनिहाय ठेवावी. एखाद्या तुकडीत नडग्या सारख्याच पिचत असतील, तर आधी तिचे वेळापत्रक तपासायला हवे. वेळीच दुखणे सांगणाऱ्याला बरे झाल्यावर पुढच्या तुकडीत हक्काने जागा मिळाली, तर लपवण्याचे कारणच संपेल. लष्करी शिक्षण खडतर असणारच, पण हाड भरून यायला लागणारा वेळ कोणत्याही हुकमाने कमी होत नाही.