डोंबिवलीच्या नावाचं गणित डोंबिवलीलाच ठाऊक नाही

स्पष्टच लिहितो. गणितात आपल्या डोंबिवलीच्या नावाने ओळखली जाणारी संख्यांची एक जात आहे, आणि गल्लोगल्ली क्लास असलेल्या या शहरात ती मुलांना सांगायला कुणाला वेळ नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. माध्यमिक शिक्षण ठाण्यात. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. या संख्यांचा विचार त्यांना डोंबिवली स्टेशनवर सुचला, म्हणून त्यांनी नाव दिलं 'डेमलो संख्या'.

१६५ घ्या. टोकाचे १ आणि ५ मिळवा, मधला ६ येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ चे ५. ४७७७३ तुम्हीच तपासा.

आता गंमत बघा. १५ गुणिले ११ म्हणजे १६५. २३ गुणिले १११ म्हणजे २५५३. 'दोन सेकंदांत अकराने गुणा' म्हणून जी ट्रिक फी घेऊन शिकवतात, ती हीच! दोन अंकांची बेरीज मधे ठेवायची, झालं. पोराने "असं का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "परीक्षेत येत नाही, पुढे चला."

अहो, कारण चार ओळींचं आहे. दशक अ, एकक ब. संख्या १०अ + ब. तिची दहापट करून त्यात तीच मिळवा: १००अ + १०(अ + ब) + ब. बेरीज आपोआप मधे. मग ५७ गुणिले ११ ला काय होतं? बेरीज १२, हातचा १ पुढे, उत्तर ६२७. हा प्रश्न ज्याला स्वतःहून पडला, त्याला बीजगणित कळायला लागलं.

पालक म्हणतात, स्पर्धा आहे. मान्य. पण मुलं शाब्दिक उदाहरणं ऑप्शनला टाकतात, ती का? तिथे ट्रिक चालत नाही, वाक्याचं समीकरण करावं लागतं. म्हणजे मार्कांसाठी कुतूहल मारलं आणि मार्कही तिथेच गेले.

कापरेकरांना इथल्या विद्वानांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. आपण अजून कुणाची वाट बघतोय?

मागणी दोनच. स्टेशनवर कापरेकरांच्या नावाचा एक फलक, त्यावर १६५. आणि प्रत्येक शाळेत आठवड्याला बिनमार्कांचा एक तास.

तोवर घरी विचारा: मधे ९ येईल अशा तीन अंकी डेमलो संख्या किती? उत्तर मी देणार नाही. पोरांना कमेंटमध्ये लिहू द्या, कारणासकट.