विकणारा की सांगणारा?

आमच्या घरात सध्या दोन पत्रांवरून वाद पेटला आहे. दादा यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि एकाच आठवड्यात त्याला दोन बोलावणी आली. एक पुण्याच्या पंप कारखान्याचे, सेल्स इंजिनिअर म्हणून. दुसरे मुंबईच्या एका सल्लागार कंपनीचे. आई म्हणते, "इंजिनिअर होऊन दारोदार पंप विकत फिरणार का?" आण्णांच्या डोळ्यांपुढे त्याच्या शिक्षणाचे कर्ज आहे आणि मुंबईचा पगार जास्त आहे. कला शाखेच्या मुलीला यात कोणी विचारले नाही, म्हणून येथे लिहिते.

वास्तविक दोन्ही कामांचे मूळ एकच. गिऱ्हाइकाची अडचण ऐकायची आणि तोड सुचवायची. सल्लागार सल्ल्याचेच पैसे घेतो. माल कोणाचा घ्यावा याच्याशी त्याच्या पोटाचा संबंध नसतो. सेल्स इंजिनिअरचा सल्ला फुकट, पण त्याला आपल्याच कारखान्याचा माल खपवायचा असतो. एवढ्यावरून पहिला निःस्पृह आणि दुसरा लबाड, असे आपण ठरवून मोकळे होतो.

मलाही तसेच वाटे. आमच्या विहिरीवर एका दुकानदाराने दहा अश्वशक्तीचा पंप गळ्यात मारला होता. तासाभरात विहीर उपसे, पंप कोरडा फिरे. शेवटी मोटार जळाली. दादाने पुढे हिशेब मांडला. सेकंदाला 10 लिटर पाणी 30 मीटर चढवायलाही साधारण साडेसात अश्वशक्ती पुरते. आमच्या झऱ्याला पाचही पुष्कळ होती. दुकानदाराने विहिरीत डोकावूनही पाहिले नव्हते.

पण सल्लागाराचा अनुभव तरी काय? गावच्या पाणी संस्थेने एकाला नेमले. त्याचा अहवाल इंग्रजीत, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेला. तो बिनचूकही असेल. पण कोणाला वाचता आला नाही आणि आज तो कपाटात आहे. सल्लागार परत आला नाही. येण्याचे त्याला कारणही नव्हते.

आमच्याच सांगली जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी आधी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. ती दूर केल्याशिवाय नांगर खपणार कसा? पुढे 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याची नि मालाची माहिती देण्यासाठी. तिचेच मराठीतले नामवंत मासिक झाले. तेव्हा विक्री म्हणजे हलके काम, हे निदान आपण कला शाखेवाल्यांनी तरी म्हणू नये.

माझे स्पष्ट मत असे की, दादाने पहिली तीन वर्षे पंप विकावेत. पंप चालला नाही तर गिऱ्हाईक त्यालाच बोलावील. आपली चूक आपल्याच अंगावर येणे, यासारखी शाळा नाही. बाविसाव्या वर्षी दुसऱ्याला सल्ला द्यायला आपल्यापाशी अनुभव तो किती? सल्लागार मागाहूनही होता येईल.

महिनाअखेरीस विक्रीचा आकडा गाठायचा असतो आणि मोठ्या पंपात जास्त पैसे असतात, हे मला कळते. म्हणून माझी एक अट आहे. "एवढा मोठा पंप तुम्हाला नको," हे गिऱ्हाइकाला सांगण्याची ज्या दिवशी चोरी होईल, त्या दिवशी दादाने ती नोकरी सोडावी.

पगारातल्या फरकाची झळ मलाच लागणार आहे. कर्ज लांबले की माझे पुण्याचे एम. ए. वर्षभर लांबेल. तरी माझे मत पंपालाच. फक्त विहिरीत आधी डोकावून पाहा, दादा.

(तृतीय वर्ष कला)