दोष तारेचा की भिंतीचा?

घरातील स्टिरिओचा आवाज टोचू लागला, गायिकेच्या मुखातील प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा कानात शिरू लागला आणि अर्ध्या तासात श्रोता थकून उठू लागला, म्हणजे दर्दी मंडळींकडून पहिली शिफारस होते ती तार बदलण्याची. आणि ती इतकी बिनदिक्कत होते की, शिफारस करणाऱ्याने ती खोली एकवार तरी पाहिली आहे काय, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. या पक्षाचे म्हणणे असे की, तारेलाही स्वभाव असतो. चांदीची तार तीक्ष्ण, तांब्याची उबदार, सबब उबदार तार घ्यावी, म्हणजे आवाज निवळेल.

या प्रतिपादनाची किंमत अंकांनीच ठरवावी. २.५ चौरस मिलिमीटर काटछेदाची, ३ मीटर लांबीची तांब्याची दुपदरी तार घेतली, तर जाऊन-येऊन तिचा विद्युत्‌रोध ०.०४ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे एवढ्या रोधाने आवाज ०.०५ डेसिबलनेही उतरत नाही, आणि जो उतरतो तोही सर्व पट्ट्यांत जवळपास सारखाच. नवी तार आणल्यावर जो मृदुपणा जाणवतो तो बहुधा पावतीवरील रकमेचा परिणाम असतो.

खरा मुद्देमाल खोलीत पडलेला आहे. हार्वर्ड येथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात १८९५ च्या सुमारास उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेथे वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील गाद्या रात्री उचलून आणल्या आणि त्या वाढवीत नेता घुमारा कसा घटतो हे मोजून आपले सूत्र बांधले. तेच सूत्र आपल्या १२ बाय १४ फुटांच्या, १० फूट उंचीच्या दिवाणखान्यास लावावे: गुळगुळीत फरशी, रंगविलेला गिलावा, काचेच्या खिडक्या आणि सामान मुळीच नाही, अशी स्थिती धरल्यास घुमारा ढोबळमानाने तीन सेकंदांवर जातो. कोच आणि माणसे आली की तो पुष्कळ उतरतो हे खरे. तथापि उघड्या भिंतींवरून परतणारा २ ते ५ हजार हर्ट्‌झचा आवाज, म्हणजे मानवी कान ज्या पट्ट्यात सर्वाधिक हळवा असतो नेमका तोच, मूळ आवाजाच्या पाठोपाठ येऊन त्याला धार लावतो.

तेव्हा प्रथम आरसा घ्यावा. आपण नेहमीच्या जागी बसून दुसऱ्या कोणास तो बाजूच्या भिंतीवरून सरकवण्यास सांगावे. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल त्या ठिकाणी जाड, चुण्यांचा पडदा सोडावा. मात्र तो भिंतीस चिकटवू नये. भिंतीलगत हवेचे कण जवळजवळ निश्चल असतात, आणि कापड शोषून घेते ते त्या कणांच्या हालचालीलाच. २ हजार हर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा चार सेंटिमीटरांहून किंचित अधिक, म्हणून दोन इंचांचे अंतर सोडल्यास तोच पडदा दुप्पट कामी येतो म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. स्पीकर आणि आसन यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी हवी. ट्विटरचा, म्हणजे उंच पट्टीचा आवाज देणाऱ्या छोट्या स्पीकरचा, झोत सरळ कानावर येत असेल तर स्पीकर थोडे बाहेर वळवावेत. आणि ते मागच्या भिंतीकडे वीतभर सरकविल्यास बासला जो आधार मिळतो त्याने वरचा तिखटपणा आपोआप सौम्य वाटतो.

एवढ्यावरही राहिलेल्या कर्कशपणासाठी ट्रेबलचा नॉब आहे. परंतु तो फिरविणे म्हणजे ध्वनीच्या शुद्धतेचा भंग, असे मानणारा दुसरा पक्ष येथे उभा राहतो. हे शुद्धतावादी ज्या तबकड्यांची शपथ घेतात, त्या अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगसंघाच्या १९५४ च्या आरआयएए प्रमाणानुसार ट्रेबल चढवून आणि बास उतरवूनच कापलेल्या असतात, आणि १० हजार हर्ट्‌झला जवळजवळ १४ डेसिबल उतरविल्याखेरीज त्या ऐकण्याजोग्याही होत नाहीत, ही गोष्ट ते सोयीस्करपणे विसरतात. पीटर बॅक्संडॉल यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेली ट्रेबल-बासची योजना पुढे असंख्य अ‍ॅम्प्लिफायरांत आली, ती काही श्रोत्यांना भ्रष्ट करण्याकरिता नव्हे.

यंत्र सर्वथा निर्दोष असते असा माझा दावा नाही. आवाज मोठा केल्यावरच जर तो फाटत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची ताकद अपुरी पडत आहे असा संशय घ्यावा. चांगल्या हेडफोनवरही तोच तिखटपणा आला, तर ध्वनिमुद्रणच तसे आहे. अन्यथा तंबोऱ्याची एखादी परिचित ध्वनिमुद्रिका लावून नॉब हळूहळू खाली आणावा, आणि जवारीची झणक मावळू लागताच एक खूण परत वर न्यावा.